पवनचक्क्या पाऊस पळवत नाहीत. मग काय बदलतात?

पवनचक्क्या पाऊस पळवतात, ही समजूत पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात गेली वीस-बावीस वर्षे टिकून आहे. २००२ साली मॉन्सूनने देशभर दगा दिला. त्यानंतरची दोन वर्षे माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या तालुक्यांनी टँकर आणि चारा छावण्यांच्या आधारावर काढली. त्याच सुमारास साताऱ्यातल्या वांकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघरच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, आणि पूर्वेकडे ढालगावच्या माळावर पांढरे मनोरे उभे राहत होते. पश्चिमेकडून ढग भरून येतात, पात्यांवरून पुढे सरकतात आणि थेंबही न टाकता निघून जातात, हे माणसे डोळ्यांनी पाहत होती. पंखे आले आणि पाऊस गेला, असा सरळ हिशेब त्यांनी मांडला. काही पुढाऱ्यांनीही तो उचलून धरला. आजही नव्या प्रकल्पाची बोलणी सुरू झाली, की गावात कुणीतरी हा प्रश्न विचारतोच.

हा आरोप चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे नीट सांगितले पाहिजे. पण मला जास्त खटकते ते त्या आरोपाला मिळालेले उत्तर. शहरातल्या शिकलेल्या माणसांनी, कंपन्यांच्या प्रतिनिधींनी आणि अनेक अधिकाऱ्यांनी 'अंधश्रद्धा' असा शिक्का मारून विषय मिटवला. त्यामुळे एक योग्य प्रश्न त्या चुकीच्या प्रश्नासोबतच फेकला गेला. शंभर-दीडशे यंत्रे एका पठारावर रात्रंदिवस वारा अडवून त्यातली ऊर्जा काढून घेत असतील, तर त्या पठारावरच्या आणि खालच्या गावांच्या हवेत काहीच बदलत नाही का? बदलते. किती, केव्हा आणि कुठवर, याचीही बरीच उत्तरे जगाने गेल्या वीस वर्षांत मिळवली आहेत. ती आपल्या गावांपर्यंत आणण्याचे काम राहून गेले आहे.

आधी पावसाचे बघू. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला तीसेक किलोमीटर गेले, की तो हजाराच्या खाली येतो आणि माणदेशात पोचेपर्यंत पाचशेच्या आसपास उरतो. समुद्रावरून आलेली ओली हवा घाटाला आपटून वर चढते, थंड होते, पाणी टाकते. पलीकडे उतरताना ती तापते, कोरडी होते आणि तिच्यातले ढग विरू लागतात. हा पर्जन्यछायेचा प्रदेश पवनचक्क्यांच्या कितीतरी आधीपासून असाच आहे. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनने भोगला तेव्हा इथे एकही मनोरा नव्हता. १९७२ सालीही नव्हता. देशातल्या पहिल्या पवन ऊर्जा प्रकल्पांची सुरुवातच मुळी १९८६ ची. त्या सुरुवातीच्या काळातल्या काही पवनचक्क्या आपल्या कोकण किनाऱ्यावर उभ्या राहिल्या. देवगडकरांना त्या चांगल्या ठाऊक आहेत, आणि देवगडचा पाऊस कमी झाला अशी तक्रार तिथे कुणी करत नाही.

सांगली-साताऱ्यातला घटनाक्रमही या आरोपाच्या विरोधात जातो. दुष्काळानंतर मनोरे हलले नाहीत, उलट वाढले. तरीही २००५ साली कृष्णेला महापूर आला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्यातले बरेच पाणी ज्या कोयनेच्या पाणलोटातून आले, त्याच्या काठच्याच डोंगरावर वांकुसवड्याचे शेकडो पंखे फिरत होते. २०२० च्या ऑक्टोबरात सोलापूर-पंढरपूरकडे अतिवृष्टी झाली. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, सोलापूरच्या शेतांतून सीनेचे पाणी वाहिले, माती खरवडून गेली. आणि धाराशिव-बीडच्या माळांवर गेल्या काही वर्षांत नवे उंच मनोरे उभे राहिले आहेत. पवनचक्क्यांना पाऊस अडवता येत असता, तर ही वर्षे आपण पाहिली नसती.

ताकदीचा हिशेब तर कुणालाही वहीत मांडता येतो. एका चौरस किलोमीटरवर एक मिलीमीटर पाऊस पडला, म्हणजे दहा लाख लिटर पाणी पडले. वाफेचे तेवढे पाणी होताना ढगात जी उष्णता सुटते, ती विजेच्या भाषेत सुमारे ७ लाख युनिट भरते. म्हणजे एका चौरस किलोमीटरवर १० मिलीमीटरची एक बऱ्यापैकी सर आली, तर ७० लाख युनिट. दोन मेगावॉटची एक पवनचक्की, चांगल्या जागी, सरासरी पाव क्षमतेने वर्षभर चालली तर ४४ लाख युनिटांच्या आसपास वीज देते. एका छोट्या सरीतली ऊर्जा एका यंत्राच्या वर्षभराच्या कमाईहून मोठी! आणि मॉन्सूनचे ढग हजारो चौरस किलोमीटरवर पसरलेले असतात. त्यांना वाहून आणणाऱ्या वाऱ्याचा सर्वांत जोरकस पट्टा जमिनीपासून साधारण दीड किलोमीटरवर असतो, आणि वाफेचा थर त्याच्याही कितीतरी वर जातो. साताऱ्यातल्या जुन्या यंत्रांची पाती शंभर मीटरच्या आत-बाहेर फिरतात. नव्यांची दोनशेच्या थोडी वर पोचतात.

मोठ्या संगणकीय प्रारूपांनीही हेच दाखवले. २०१४ साली युरोपातल्या शास्त्रज्ञांनी संपूर्ण युरोपचा २०२० पर्यंतचा पवन ऊर्जेचा विस्तार गृहीत धरून गणित केले. हिवाळ्यात काही भागांत तापमानात जास्तीत जास्त ०.३ अंशाचा आणि पावसात पाच टक्क्यांपर्यंतचा फरक निघाला, आणि तोही निसर्गतः दरवर्षी होणाऱ्या चढउतारांपुढे किरकोळ. हा एका खंडभरातल्या यंत्रांचा परिणाम आहे. एका पठारावरच्या यंत्रांनी तालुक्याचा पाऊस हिरावणे या गणितात बसत नाही.

मग लोकांना दिसले ते काय होते? त्यांचे डोळे खोटे बोलत नव्हते. पवनचक्क्या उभारायला कंपन्या उघडा, झाडी नसलेला, स्वस्त आणि सतत वारा असलेला माळ शोधतात. असा माळ पर्जन्यछायेतच भरपूर मिळतो. जिथे ढग न बरसता जोराने पुढे जातात, तीच जागा पंख्यांना सोयीची. पाऊस कमी म्हणून तिथे पवनचक्क्या आल्या. पवनचक्क्या आल्या म्हणून पाऊस कमी झाला नाही. त्यात नेमकी दुष्काळाची वर्षे आणि उभारणीची वर्षे एकत्र आली. घाटमाथ्यावर तर आणखी एक गोष्ट घडते. जुलै-ऑगस्टमध्ये ढग सड्यावर टेकलेले असतात, सगळे पठार धुक्यात बुडालेले असते, आणि पाती त्या धुक्यातून फिरताना ते फाटल्यासारखे दिसते. पात्यांमागची हवा धुक्याशी खरोखरच खेळते. डेन्मार्कच्या समुद्रातल्या हॉर्न्स रेव्ह प्रकल्पाचे २००८ सालचे एक छायाचित्र जगभर गाजले. त्यात प्रत्येक यंत्रामागे धुक्याचा लांबच लांब पांढरा पट्टा तयार झालेला दिसतो. पण जमिनीलगतचे धुके हलणे वेगळे, आणि कित्येक किलोमीटर उंचीच्या ढगातला पाऊस थांबणे वेगळे.

इथवर आलो, की बहुतेक लेख संपतात. माझे म्हणणे इथून सुरू होते.

थंडीच्या दिवसांत पहाटे गावाकडे पाहिले तर चुलींचा धूर सरळ वर जात नाही, थोडा चढून आडवा पसरतो. कारण रात्री आभाळ निरभ्र असले, की जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून झपाट्याने गार होते आणि तिला चिकटलेली हवाही गार होते. वर पन्नास-शंभर मीटरवरची हवा मात्र तुलनेने उबदार राहते. जड गार हवा खाली, हलकी उबदार हवा वर, असा थर एकदा जमला की तो सहसा मोडत नाही. दव पडते ते यामुळेच, आणि निफाडला पारा शून्याजवळ जातो तोही अशाच रात्री.

पवनचक्कीची पाती या थराच्या बरोबर मधून फिरतात. ताक घुसळावे तशी ती हवा घुसळतात. वरची ऊब खाली येते, खालचा गारवा वर जातो. त्यामुळे वाऱ्याच्या दिशेने यंत्रांच्या पलीकडच्या जमिनीवर रात्री थोडी ऊब वाढते. दिवसा उन्हाने जमीन तापलेली असते, हवा स्वतःच खालीवर होत असते, म्हणून पात्यांच्या घुसळण्याने फारसा फरक पडत नाही. झालाच तर किंचित गारवा येतो. थंड देशांतले फळबागायतदार याच तत्त्वावर बागेत उंच खांबावर पंखे लावतात आणि कडाक्याच्या रात्री ते फिरवून झाडे गोठण्यापासून वाचवतात. आपले द्राक्षवाले त्याच कामासाठी बागेत शेकोट्या पेटवतात. म्हणजे पंख्याने रात्रीची शेतातली हवा बदलते, यात शेतकऱ्याला नवल वाटायचे कारण नाही.

या परिणामाची पहिली ठळक मोजणी एका भारतीय शास्त्रज्ञाच्या नावावर आहे. सोमनाथ बैद्य रॉय यांनी २००४ साली अमेरिकेत असताना मोठे पवन प्रकल्प स्थानिक हवामान बदलू शकतात, हे प्रारूपाने दाखवले. २०१० साली त्यांनी आणि जस्टिन ट्रेटर यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन गोर्गोनियो खिंडीतल्या प्रकल्पाच्या नोंदी तपासल्या. वाऱ्याच्या अलीकडे आणि पलीकडे जमिनीलगत घेतलेली तापमाने त्यांनी ताडून पाहिली. यंत्रांच्या पलीकडे रात्री ऊब होती, दिवसा गारवा होता. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट ही, की त्या नोंदी १९८९ च्या उन्हाळ्यातल्या होत्या. दोन दशकांत जगभर हजारो यंत्रे उभी राहिली, आणि अभ्यासकाच्या हाती उघडपणे मिळालेली नोंद इतकी जुनी होती. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

२०१२ साली लिमिंग झोऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम-मध्य टेक्सासची उपग्रहाने टिपलेली जमिनीची तापमाने पाहिली. २००३ ते २०११ या काळात तिथली यंत्रे शंभरेकावरून दोन हजारांच्या वर गेली होती. शेजारच्या, यंत्रे नसलेल्या जमिनीशी तुलना करता प्रकल्पाच्या जमिनीचे तापमान, मुख्यतः रात्री, दशकाला ०.७२ अंशांपर्यंत या वेगाने वाढताना दिसले. लगेच बातम्या झळकल्या, की पवनचक्क्यांमुळे पृथ्वी तापते! तो अर्थ पूर्णपणे चुकीचा होता. तापमान वाढत गेले कारण यंत्रे वाढत गेली. यंत्रांची संख्या स्थिर झाली की ही वाढही थांबते. शिवाय ही ऊब नव्याने तयार झालेली नसते, वरच्या थरातून खाली आणलेली असते. स्कॉटलंडमधल्या ब्लॅक लॉ प्रकल्पात जमिनीवर संवेदक पेरून केलेली मोजणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिथे रात्रीचे तापमान ०.१८ अंशाने वाढलेले आढळले, हवेतली आर्द्रताही किंचित वाढली. आयोवाच्या मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांतही प्राध्यापक जीन टाकल यांच्या गटाने असेच छोटे फरक नोंदवले.

या आकड्यांकडे पाहून कुणी म्हणेल, पाव अंशासाठी एवढी चर्चा कशाला? पिकाला विचारले तर रात्रीचा पाव अंश अगदीच नगण्य नसतो. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने २००४ साली आपल्या शेतावरच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून दाखवले, की कोरड्या हंगामात रात्रीचे किमान तापमान एक अंशाने वाढले तर भाताचे उत्पन्न दहा टक्क्यांनी घटते. झाड रात्रीही श्वास घेत असते. रात्र उबदार झाली की दिवसभर कमावलेले ते जास्त खर्चून टाकते. गव्हाला फुटवे फुटायला गार रात्री लागतात, हे आपल्याकडचा प्रत्येक गहू पिकवणारा सांगेल. म्हणून परिणाम लहान आहे असे म्हणणे बरोबर, तो नाहीच असे म्हणणे चूक.

आता हे आपल्या माळावर आणून पाहू, कारण टेक्सासचा आकडा उचलून साताऱ्याला लावता येत नाही. आपल्याकडे वर्षाच्या विजेचा मोठा वाटा मॉन्सूनच्या वाऱ्यावर तयार होतो. त्या दिवसांत आभाळ झाकलेले, वारा जोराचा. गार-उबदार असा थर जमतच नाही, हवा आधीच घुसळलेली असते. म्हणजे ज्या पावसाळ्यासाठी पवनचक्क्यांना दोष दिला जातो, त्याच पावसाळ्यात त्यांचा हवेवरचा परिणाम सर्वांत कमी असणार. तो जाणवला तर जाणवेल नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या निरभ्र रात्री. त्या दिवसांत आपल्याकडे वारा मंदावतो, यंत्रे कमी फिरतात. त्यामुळे आपला परिणाम टेक्सासपेक्षा सौम्य असावा, असा माझा अंदाज आहे. पण पठारांच्या कडांवर रात्रीही वारा असतो, आणि नव्या उंच यंत्रांची मोठी पाती मंद वाऱ्यातही फिरतात. अंदाजाने हे मिटणारे नाही.

आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी म्हणजे आपली रब्बी. माणदेशातला, मंगळवेढ्यातला, जतमधला शाळू पेरल्यानंतर जवळजवळ पावसाशिवाय, जमिनीतल्या ओलीवर आणि रात्रीच्या गारव्यावर वाढतो. दवाने पिकाला बळ मिळते, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले आहे. हरभऱ्यावर फडके पसरून आंब, म्हणजे पानांवरचे आंबट दव, गोळा करणारी माणसे अजून आहेत. हवा घुसळली गेली की दव कमी पडते किंवा लवकर सुकते. शाळूवाल्याला ते नको असेल. पण त्याच कवठेमहांकाळ-तासगावच्या पट्ट्यात द्राक्षे आहेत, आणि द्राक्षवाल्याचे सगळे भय पानावर जास्त वेळ टिकणाऱ्या दवाचे. दव टिकले की डाउनी हा बुरशीचा रोग आला, फवारणी आली, खर्च आला. त्याच्या पानावरचे दव तासभर आधी सुकले तर त्याचा फायदाच आहे. आयोवाच्या अभ्यासकांनीही पानांवरचे दव लवकर सुकून बुरशीचे रोग कमी होण्याची शक्यता बोलून दाखवली होती. म्हणजे एकाच माळाखाली एका शेतकऱ्याचे थोडे नुकसान आणि दुसऱ्याचा थोडा लाभ होऊ शकतो. हे खरे किती घडते, हे फक्त शेतात यंत्र लावून कळेल. बंदी आणि भूमिपूजन यांच्या मधला हा सगळा प्रदेश आपल्या चर्चेत येतच नाही, याचे मला वाईट वाटते.

चाळकेवाडीच्या पठाराने एका बाबतीत जगाला शिकवले आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी तिथे केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी, नसलेल्या भागाच्या तुलनेत, जवळपास चौथ्या हिश्श्यावर आले होते. खाणारे कमी झाल्यामुळे सड्यावरच्या सुपर्बा जातीच्या रंगीत सरड्यांची संख्या वाढली होती. त्यांच्या रक्तातले तणावाचे संप्रेरक कमी होते, ते माणसाला जवळ येऊ देत होते, आणि दाटी व अन्नासाठीच्या स्पर्धेपायी नरांच्या गळ्याचा रंग फिका पडला होता. इतकी सूक्ष्म साखळी उलगडली ती कुणीतरी पठारावर जाऊन वर्षानुवर्षे मोजले म्हणून. हाच प्रामाणिकपणा हवेच्या, दवाच्या आणि मातीच्या ओलीच्या बाबतीत दाखवायला हवा.

इथे एका बाजूची भीती मला समजते. पवनचक्क्यांच्या परिणामांबद्दल जाहीरपणे बोलले की कोळशाच्या बाजूचे लोक तेच शब्द उचलतील. म्हणून गप्प बसावे असे अनेक चांगल्या पर्यावरणवाद्यांना वाटते. मला ते पटत नाही. कोळशाशी तुलना उघडपणे केली तरी पवनचक्की सहज जिंकते. कोळशाच्या साध्या वीज केंद्रात जळणाऱ्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग वीज होतो. उरलेला दोन तृतीयांश धुराड्यातून आणि पाण्यातून तिथल्याच हवेत जातो. ही नवी उष्णता आहे, वरून खाली आणलेली नव्हे. चंद्रपूरच्या माणसाला उन्हाळ्यात तिच्यासोबत राखही सोसावी लागते. २०१८ साली ली मिलर आणि डेव्हिड कीथ यांनी अमेरिकेची सगळी वीज वाऱ्यापासून घेतली तर काय होईल, याचे गणित मांडले. त्या देशाच्या जमिनीलगत सरासरी ०.२४ अंश ऊब येईल असे उत्तर आले. पण यंत्रे थांबवा, ती ऊब काही दिवसांत नाहीशी होते. कोळशाचा कार्बन शेकडो वर्षे हवेत राहतो. आणि आपल्या दुष्काळी भागाचा विजेशी संबंध तर जिव्हाळ्याचा आहे. आटपाडी-जतला जे पाणी आले ते टेंभू आणि म्हैसाळच्या उपसा योजनांनी आणले, आणि त्या योजना विजेवर चालतात. मला पवनचक्क्या हव्या आहेत. म्हणूनच त्यांच्याबद्दल अर्धे सत्य सांगितलेले मला नको आहे.

गावांच्या तक्रारीत आणखी एक धागा आहे, जो पावसाच्या आरोपाखाली दबून गेला. पाऊस तेवढाच, पण झरा लवकर आटतो. ओढ्याला पूर येतो आणि चार दिवसांत तो कोरडा पडतो. याचे मूळ आकाशात शोधण्याआधी सड्यावर शोधावे. जांभ्याचा सडा पावसाचे पाणी आपल्या खळग्यांत, भेगांत आणि पातळ मातीत धरतो आणि सावकाश खाली सोडतो. यंत्रे वर न्यायला डोंगर कापून रुंद रस्ते करावे लागतात, प्रत्येक मनोऱ्याला मोठा पाया खणावा लागतो, मुरूम कुठेतरी टाकावा लागतो. चर चुकीच्या बाजूला काढला तर एका वाडीचे पाणी दुसऱ्या उताराला वाहून जाते. रस्त्याच्या कापणीतून सुटलेली माती खाली भातखाचरांत येऊन बसते. पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०११ च्या अहवालात भीमाशंकरजवळच्या पवन प्रकल्पाच्या संदर्भात नेमके या प्रकारचे नुकसान नोंदवले आहे. ढग पळवल्याचा आरोप फेटाळताना ही तक्रारही फेटाळली जाते, हा गावावर दुहेरी अन्याय आहे.

हे सगळे मोजले का जात नाही, याचे एक कारण कायद्यात आहे. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाच्या अधिसूचनेत पवन ऊर्जा प्रकल्पांचा समावेशच नाही. वनजमीन लागली तर त्याची वेगळी परवानगी घ्यावी लागते. पण खासगी माळावर कितीही मनोरे उभे केले तरी जनसुनावणी नाही, पूर्वस्थितीची नोंद नाही. आधी काय होते हेच लिहून ठेवलेले नसेल, तर नंतर काय बदलले हे कोण सांगणार? गाव आठवणीतून बोलते, कंपनी ताळेबंदातून बोलते, आणि दोघांच्या मध्ये आकडा नसतो.

वाऱ्याचे आकडे तर कंपन्यांकडे ढिगाने असतात. जागा निवडण्याआधी त्या वर्ष-दोन वर्षे मोजणीचा खांब उभारून वारा, दिशा, तापमान नोंदवतात. प्रकल्प सुरू झाल्यावर प्रत्येक यंत्राच्या माथ्यावरचे संवेदक दर दहा मिनिटांची नोंद ठेवतात. धंद्याचे गुपित म्हणून ती बंद राहते. विजेच्या कराराचे दर गुप्त ठेवावेत की नाही यावर वाद होऊ शकेल, पण एका सार्वजनिक डोंगरावरच्या हवेचे तापमान गुप्त कसे असू शकते? १९८९ च्या नोंदी २०१० साली वापराव्या लागल्या, ही अडचण आपण इथे पुन्हा का उभी करावी?

दुसरीकडे राज्याकडे साधने आहेत. पुण्यात पाषाणला उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिचीच ढगांची प्रयोगशाळा महाबळेश्वरला २०१२ पासून काम करते, चाळकेवाडीपासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर. पुण्यातच शिवाजीनगरला हवामान खात्याचे कार्यालय आहे. महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांत दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्याचे दावे अशाच केंद्रांच्या नोंदींवर ठरतात. यातली काही केंद्रे प्रकल्पाच्या अलीकडे-पलीकडे, दोन-पाच किलोमीटरच्या अंतराने हवी आहेत, आणि तापमानाबरोबर पानावरचे दव आणि मातीची ओल मोजणारी उपकरणे हवी आहेत. खर्च एका मनोऱ्याच्या किमतीपुढे कुठेच बसत नाही. तो प्रकल्पाने करावा, मोजणी मात्र कृषी विद्यापीठाने किंवा पाषाणच्या संस्थेने करावी आणि नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर दर महिन्याला लागावी. शाळेतल्या मुलांना ती वाचता यावी इतक्या सोप्या भाषेत.

विमा ज्या केंद्राच्या आकड्यावर ठरतो ते केंद्र पंख्यांच्या पलीकडच्या बाजूला, त्यांच्या अगदी जवळ असेल, तर रात्रीच्या किमान तापमानाची त्याची नोंद मंडळातल्या इतर शिवारांसारखी असेल का, हा प्रश्नही कृषी खात्याने स्वतःहून तपासावा. कमी तापमानावर आधारलेल्या फळपीक विम्यात अर्ध्या अंशानेही भरपाई मिळते किंवा हुकते.

आणि यासाठी वेळ फार नाही. साताऱ्याच्या सड्यांवरची यंत्रे आता वीस-पंचवीस वर्षांची झाली आहेत. जुनी छोटी यंत्रे काढून त्या जागी थोडी पण कितीतरी मोठी यंत्रे बसवण्याचे राष्ट्रीय धोरण केंद्राने २०२३ च्या डिसेंबरात जाहीर केले. देशाची पवन क्षमता २०२५ साली ५० हजार मेगावॉटच्या पुढे गेली आणि ती वाढतच जाणार आहे. वांकुसवडे-चाळकेवाडीला जुने मनोरे उतरतील तेव्हा काही महिने पठार मोकळे असेल. यंत्रे फिरत असतानाचा एक हिवाळा, ती नसतानाचा एक हिवाळा, आणि नवी उंच यंत्रे आल्यानंतरचा एक हिवाळा, अशी एकाच जागेची तुलना करण्याची संधी जगात फार थोड्या ठिकाणी मिळते. त्यासाठी संवेदक जुने मनोरे उतरण्याआधी लागले पाहिजेत. मनोरे बदलण्याच्या परवानगीत ही एक अट घालणे राज्य सरकारच्या हातात आहे, आणि पाटण-साताऱ्याच्या ग्रामसभांनी ती अट ठराव करून आत्ताच मागावी.